शेजारचं चर्च, तुरुंगातले आईबाप

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात वेटम्प्का गावी ज्युलिया टटवायलर हा बायकांचा तुरुंग आहे. १९७०च्या दशकात मेरी के बिअर्ड नावाची बाई तिथे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होती. शिक्षा २१ वर्षांची होती. दर नाताळात आसपासच्या चर्चमधली माणसं कैदी बायकांसाठी साबण, टूथपेस्ट, शाम्पू अशा वस्तू घेऊन येत. मेरीच्या एक गोष्ट लक्षात आली. बऱ्याच बायका या वस्तू वापरत नव्हत्या. त्या जपून ठेवत, आपसात बदलून घेत, हाताशी येईल त्या कागदात बांधत आणि भेटीच्या दिवशी मुलं आली की ती पुडकी त्यांच्या हातात देत. साबणाची वडी आणि टूथपेस्टची नळी यांत मुलांना रमण्यासारखं काय असतं? पण ती हरखून जात, कारण ते आईने दिलेलं असे.

मेरी सहा वर्षांनी सुटली आणि पुढे ‘प्रिझन फेलोशिप’ या ख्रिस्ती संस्थेचं अलाबामातलं काम पाहू लागली. १९८२च्या नाताळासाठी काहीतरी उपक्रम कर, असं संस्थेने सांगितलं तेव्हा तिला तुरुंगातली ती पुडकी आठवली. तिने बर्मिंगहॅम शहरातल्या बाजारसंकुलात नाताळचं झाड उभं केलं आणि त्यावर कागदी देवदूत टांगले. मुलींसाठी लाल, मुलग्यांसाठी हिरवे. प्रत्येक देवदूतावर तुरुंगात असलेल्या कुणाच्या तरी मुलाचं नाव आणि त्याला काय हवंय ते लिहिलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने एक कागद काढायचा आणि ती भेटवस्तू आणून द्यायची. त्या वर्षी ५५६ मुलांना भेटी मिळाल्या. पुढच्याच वर्षी हा उपक्रम इतर राज्यांत गेला आणि ‘एंजल ट्री’ या नावाने तो आजही चालू आहे. याच नावाचा साल्व्हेशन आर्मीचा उपक्रम वेगळा. तो १९७९ साली व्हर्जिनियात सुरू झाला आणि सगळ्याच गरजू कुटुंबांसाठी आहे.

प्रिझन फेलोशिपची स्थापना १९७६ साली चार्ल्स कोल्सन यांनी केली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे हे खास सल्लागार. न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल १९७४ साली शिक्षा होऊन सात महिने तुरुंगात राहिले. म्हणजे संस्था काढणारा आणि उपक्रम सुचवणारी, दोघंही आतून बाहेर आलेले. तुरुंगातल्या माणसाला कशाची लाज वाटते आणि कशाचा अभिमान उरतो, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. उपक्रमाच्या रचनेतही ते दिसतं. कैदी आईबाप तुरुंगातच अर्ज भरतात. त्यात मुलाचं नाव, वय आणि मुलासाठी चार ओळींचा निरोप असतो. तो अर्ज मुलाच्या घराजवळच्या एखाद्या चर्चकडे जातो. चर्चचा स्वयंसेवक मुलाला सांभाळणाऱ्या आजीला, मावशीला किंवा आईला फोन करतो, आधी परवानगी घेतो, मग काय हवंय ते विचारतो. भेट पोहोचते ती आईबापाच्या नावाने. चर्चचं काम फक्त पोहोचवण्याचं. देणाऱ्याने स्वतःचं नाव मागे ठेवायचं, हीच या उपक्रमातली खरी शहाणपणाची गोष्ट आहे.

ही मुलं किती, हे कळलं की एका चर्चच्या आवाक्यातलं हे काम नाही हेही कळतं. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्सच्या २०१०च्या अहवालानुसार अमेरिकेत २७ लाख मुलांची आई किंवा वडील गजांआड होते. दर २८ मुलांमागे एक. त्याच्या २५ वर्षं आधी हेच प्रमाण १२५ मुलांमागे एक होतं. अहवालाच्या वेळी कृष्णवर्णीय मुलांमध्ये तर ते नऊ मुलांमागे एक होतं. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत शिक्षा लांबल्या, तुरुंग भरले आणि वस्त्याच्या वस्त्या कर्त्या माणसांवाचून उरल्या. शिवाय तुरुंग बहुधा शहरांपासून लांब. केंद्रीय न्याय विभागाच्या एका पाहणीत राज्यांच्या तुरुंगांतले निम्म्याहून अधिक आईबाप घरापासून १०० मैलांपेक्षा दूर असल्याचं आढळलं. ज्या घरात गाडी नाही आणि पगार तासावर आहे, तिथल्या आजीने नातवंडांना घेऊन वर्षातून किती वेळा जावं?

या मुलांचं अवघडलेपण इतरांहून वेगळं असतं. बाप वारला तर शेजारीपाजारी जेवणाचे डबे आणतात. बाप तुरुंगात गेला तर दारावर कुणी येत नाही. शाळेत विचारलं तर मूल सांगतं, बाबा सैन्यात आहेत, दुसऱ्या गावी कामाला आहेत. घरातली मोठी माणसंच त्याला तसं सांगायला शिकवतात.

याच घुसमटीवर फिलाडेल्फिया शहरात २००० साली एक काम उभं राहिलं. त्याचं नाव ‘अमाची’. तुरुंगातल्या माणसांच्या मुलांना शहरातल्या वेगवेगळ्या पंथांच्या चर्चमंडळ्यांनी मिळून आधार देण्याचा हा प्रयोग चांगला अभ्यासला गेला आहे. तो उभा करणारे विल्सन गुड हे या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर.

गुड यांचा जन्म १९३८ साली नॉर्थ कॅरोलायनात, दुसऱ्याच्या जमिनी बटईने कसणाऱ्या कुटुंबात झाला. ते किशोरवयात असताना वडील तुरुंगात गेले आणि कुटुंब फिलाडेल्फियाला आलं. मुलगा अभ्यासात बरा होता, पण शाळेतल्या समुपदेशकाने सांगितलं, कॉलेजचा नाद सोड. त्याला कॉलेजात जायला लावलं ते वस्तीतल्या बॅप्टिस्ट चर्चच्या पाळकाने आणि पाळकाच्या पत्नीने. पुढे हाच मुलगा १९८४ ते १९९२ अशी आठ वर्षं शहराचा महापौर झाला.

त्या आठ वर्षांत एक भयंकर दिवसही आहे आणि तो सांगितल्याशिवाय गुड यांच्याबद्दल लिहिणं खोटेपणाचं होईल. १३ मे १९८५ रोजी शहराच्या पोलिसांनी ‘मूव्ह’ या गटाच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला. आग लागली, ती वेळेवर विझवली गेली नाही. ११ माणसं गेली, त्यांत पाच मुलं. आसपासची ६१ घरं जळाली. गुड यांनी याबद्दल अनेकदा माफी मागितली. २०२० साली जाहीर लेख लिहून, शहरानेही अधिकृतपणे माफी मागावी असं त्यांनी म्हटलं. त्यांच्या नंतरच्या कामाने तो दिवस पुसला जात नाही, आणि त्या दिवसामुळे नंतरचं काम लहानही होत नाही.

महापौरपद संपल्यावर त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास पूर्ण केला आणि साठी ओलांडल्यावर अमाचीची जबाबदारी घेतली. पहिला प्रश्न होता, मुलं शोधायची कुठे? कुणाचे आईबाप तुरुंगात आहेत याची यादी शाळेकडे नसते, नगरपालिकेकडेही नसते. गुड यांनी सरळ तुरुंग गाठले. तिथल्या धर्मगुरूंच्या मदतीने कैद्यांच्या सभा घेतल्या आणि आपल्या मुलाला एक मोठा मित्र मिळावा असं ज्यांना वाटतं त्यांच्याकडून अर्ज भरून घेतले. मग त्या अर्जांवरचे पत्ते धुंडाळायचे. कितीतरी पत्ते जुने निघत. आजीने घर बदललेलं असे, आईने दुसरा संसार मांडलेला असे. मूल सापडलं की सांभाळणाऱ्याची संमती आणि त्यानंतरच पुढचं.

या भेटींतला एक प्रसंग गुड अनेक भाषणांत सांगत आले. एका तुरुंगात त्यांना आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या एकत्र भेटल्या. तिघांची पहिली भेट तुरुंगातच झालेली. त्यातल्या नातवालाही बाहेर एक मुलगा होता आणि आपली-त्याची भेटही बहुधा इथेच होईल, असं तो म्हणाला.

दुसरा प्रश्न होता, मोठी माणसं आणायची कुठून? इथे चर्चचं जाळं कामाला आलं. ज्या वस्त्यांतून सर्वाधिक माणसं तुरुंगात गेली होती, त्याच वस्त्यांतल्या मंडळ्यांकडे गुड स्वतः गेले. मागणी मोजकी होती. प्रत्येक मंडळीने दहा माणसं द्यायची. प्रत्येकाने एका मुलाला आठवड्यातून किमान एक तास, किमान एक वर्ष भेटायचं. गृहपाठ घ्यावा, बास्केटबॉल खेळावं, एकत्र बसून काही खावं, ग्रंथालयात न्यावं. उपदेश करण्याची सक्ती नाही, किंबहुना धर्मप्रसाराला मनाईच. पहिल्या टप्प्यात ४० च्या आसपास मंडळ्या आल्या आणि दोन वर्षांत ५००हून अधिक मुलांना असा एकेक मोठा सोबती मिळाला.

भावनेच्या भरात माणसं मिळवणं या देशात कठीण नाही. अवघड असतो तो सहावा महिना. बाहेर बर्फ पडतोय, ऑफिसातून यायला उशीर झालाय आणि पोरगा फोन उचलत नाही, अशा संध्याकाळी माणूस जाईल का? इथे अमाचीने चर्चच्या सदिच्छेवर सगळा भार टाकला नाही. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही १९०४पासून हेच काम करणारी धर्मनिरपेक्ष संस्था त्यांनी बरोबर घेतली. प्रत्येक स्वयंसेवकाची मुलाखत, पोलिसांकडची तपासणी आणि प्रशिक्षण ही संस्था करी. जोडी जुळवणं आणि नंतर तिच्यावर लक्ष ठेवणं हेही तिचंच काम. प्रत्येक मंडळीत अर्धवेळ मानधनावर एक समन्वयक असे. कुठली जोडी या महिन्यात किती वेळा भेटली, याची नोंद तो देई. भेटी कमी झाल्या की गुड त्या मंडळीच्या पाळकाला फोन करत. माजी महापौराचा फोन आला की पाळकालाही मान वळवून पुढे जाता येत नसे.

एवढी काटेकोर व्यवस्था कशासाठी, याचं उत्तर दोन अभ्यासांत आहे. फिलाडेल्फियातल्याच ‘पब्लिक/प्रायव्हेट व्हेंचर्स’ या संशोधन संस्थेने १९९५ साली बिग ब्रदर्स बिग सिस्टर्सच्या ९५९ मुलांवरची पाहणी प्रसिद्ध केली. १० ते १६ वयाच्या ज्या मुलांना मोठा सोबती मिळाला, त्यांच्यात अमली पदार्थ पहिल्यांदा घेण्याचं प्रमाण सोबती न मिळालेल्या मुलांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होतं. शाळा बुडवण्याचं प्रमाणही निम्म्यावर आलं होतं. पण याच माहितीच्या पुढच्या अभ्यासात, २००२ साली, दुसरी बाजू समोर आली. ज्या जोड्या पहिल्या काही महिन्यांतच तुटल्या, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा खाली गेला. ज्याला एक माणूस सोडून गेलेला आहे, त्याला दुसराही सोडून गेला. म्हणून एक वर्षाची अट आणि म्हणून दर महिन्याचा हिशेब. अर्धवट मदतीपेक्षा न केलेली बरी असं इथे शब्दशः होतं, आणि मदतीला निघणाऱ्या प्रत्येक चर्चने, मंडळाने, संस्थेने हे आधी वाचायला हवं.

अनेक मंडळ्या एकत्र आल्याचा फायदा हाही होता की कुणा एकाची मिरवणूक निघाली नाही. मूल बॅप्टिस्ट आजीचं, सोबती मेथडिस्ट, कार्यालय तिसऱ्याचं, असं सहज चाले. चर्चमधल्या कृष्णवर्णीय पुरुषांनी लक्षणीय संख्येने नावं दिली, हेही महत्त्वाचं. एरवी अशा कामांना पुरुष स्वयंसेवक मिळत नाहीत आणि या मुलांच्या घरात नेमकी तीच जागा रिकामी असते.

अमाचीचं नाव पुढे वॉशिंग्टनपर्यंत पोहोचलं. जानेवारी २००३च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी गरजू विद्यार्थी आणि कैद्यांची मुलं यांच्या मार्गदर्शनासाठी ४५ कोटी डॉलरचा प्रस्ताव मांडला. कैद्यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र योजना सुरू झाली आणि अमाचीच्या धर्तीवर देशभर कामं उभी राहिली. सरकारी पैसा आल्याबरोबर जुना वादही आला. राज्यसंस्था आणि धर्मसंस्था यांच्यातली भिंत अमेरिकेच्या घटनेत आहे. करदात्याच्या पैशातून प्रार्थना, उपासना, धर्मप्रसार चालणार नाही, हा नियम लागू होताच. तरी शंका घेणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ज्या मुलाला दुसरं कुणीच नाही, त्याला ‘रविवारी चर्चला येतोस का?’ असं प्रेमाने विचारणं आणि गळ घालणं यांतली रेघ पुसट असते. सांभाळणाऱ्याची संमती आणि बाहेरच्या संस्थेची देखरेख हे त्यावरचे उपाय. ते पाळले जातात तोवरच या कामावर विसंबावं.

२०११ साली केंद्राने ही योजना बंद केली. पुढच्याच वर्षी पब्लिक/प्रायव्हेट व्हेंचर्सही मिटली. अनुदानावर उभी राहिलेली कामं अनुदानाबरोबर आक्रसतात आणि त्याचा फटका, वर सांगितल्याप्रमाणे, जोडी तुटलेल्या मुलाला बसतो.

फिलाडेल्फियाआधी काही वर्षं बॉस्टनच्या चर्चना रस्त्यावर उतरावं लागलं होतं. १४ मे १९९२ रोजी मॅटापॅन भागातल्या मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्चमध्ये एका तरुणाचा अंत्यविधी चालू होता. टोळीतली पोरं दुसऱ्या एका मुलाचा पाठलाग करत चर्चमध्ये घुसली, गोळ्या झाडल्या आणि उपासनेला जमलेल्या माणसांसमोर त्याला सुऱ्याने भोसकलं. तोवर पाळकांचा समज होता की हिंसा चर्चच्या दाराबाहेर थांबते. त्या दिवशी तो संपला. युजीन रिव्हर्स, रे हॅमंड, जेफ्री ब्राउन हे तीन वेगवेगळ्या मंडळ्यांचे पाळक. त्यांच्यासारख्यांनी मिळून ‘टेनपॉइंट कोअ‍ॅलिशन’ स्थापन केली. शुक्रवारी रात्री हे लोक डॉर्चेस्टरच्या गल्ल्यांतून हिंडू लागले. सुरुवातीला पोरं नुसती बघत. मग बोलू लागली. डॉर्चेस्टरमधल्या एका मादक पदार्थ विकणाऱ्याने रिव्हर्स यांना ऐकवलेली गोष्ट तेव्हा खूप गाजली. तिचा आशय असा, की पोरगा शाळेत जाताना मी कोपऱ्यावर असतो, परत येताना असतो, आजीसाठी पाव आणायला निघाला तरी मी असतो. तुम्ही नसता. म्हणून मी जिंकतो.

पाळकांनी हे मनाला लावून घेतलं आणि तिथे असायला सुरुवात केली. त्याच सुमारास पोलीस, प्रोबेशन अधिकारी आणि संशोधक यांनी मिळून टोळ्यांशी थेट बोलण्याची मोहीम आखली होती. पाळक मधले झाले. पोरांसाठी ते पोलिसांकडे रदबदली करत आणि जो ऐकतच नाही त्याच्याबद्दल पोलिसांना सांगतही. बॉस्टनमध्ये १९९० साली १५२ खून झाले होते, १९९९ साली ३१ झाले. जुलै १९९५ ते डिसेंबर १९९७ या काळात शहरात १७ वर्षांखालचं एकही मूल बंदुकीने मारलं गेलं नाही. श्रेय कुणाला किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. देशभरच तेव्हा गुन्हे घटत होते. पण पोलिसांवर कमालीचा अविश्वास असलेल्या वस्तीत मोहिमेला लोकांची मान्यता मिळाली ती पाळकांमुळे, असं समाजशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर विन्शिप यांनी दाखवून दिलं आहे.

पुढची गोष्ट तितकीच सांगण्यासारखी आहे. नाव झालं, पैसे आले, आणि पाळकांचे आपसातले मतभेद वाढले. मोहिमेतले अनुभवी पोलीस अधिकारी दुसरीकडे गेले, रात्रीच्या फेऱ्या विरळ झाल्या. २००५ साली खुनांचा आकडा ७०च्या वर होता. एकीने आलेलं यश एकी मोडल्यावर टिकलं नाही.

चर्चच्या या कामावरचा आणखी एक आक्षेप गंभीर आहे. मुलाला नाताळची भेट द्यायची, सोबती द्यायचा, पण त्याला बापाशी फोनवर बोलता येतं का? अमेरिकेतल्या तुरुंगांत फोनसेवा खासगी कंपन्यांकडे असते आणि अनेक ठिकाणी त्या कमाईतला वाटा तुरुंग चालवणाऱ्यांना जात आला. साध्या पंधरा मिनिटांच्या फोनला एकेकाळी दहा-पंधरा डॉलरपर्यंत बिल येई, आणि ते भरावं लागे घरच्यांना. वॉशिंग्टनच्या मार्था राइट या निवृत्त परिचारिकेने, नातवाशी बोलण्यासाठी औषधाच्या पैशांना कात्री लावावी लागते म्हणून, २००० साली दावा लावला. न्यायालयाने प्रकरण दूरसंचार आयोगाकडे पाठवलं. आजीबाई २०१५ साली गेल्या. मधल्या वर्षांत ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ या पंथाच्या माध्यमविषयक विभागाने हा लढा नागरी हक्क संघटनांबरोबर चालू ठेवला. आयोगापुढे निवेदनं दिली, खासदारांच्या दारात खेपा घातल्या. भेटवस्तू पोहोचवण्याइतकंच हेही चर्चचं काम आहे, असं या लोकांनी मानलं, आणि ते योग्यच होतं. जानेवारी २०२३मध्ये मार्था राइट यांच्या नावाचा समावेश असलेला कायदा झाला. त्याखाली आयोगाने जुलै २०२४मध्ये मोठ्या तुरुंगांतल्या फोनचा दर मिनिटाला सहा सेंटवर आणण्याचा आदेश दिला. २०२५च्या मध्याला अंमलबजावणीची मुदत आयोगाने दोन वर्षांनी पुढे ढकलली. त्याविरुद्ध पुन्हा निवेदनं देण्याचं काम याच संघटनांकडे आलं.